कॅमेऱ्यातलं बेट, कागदातलं बेट

ग्लासगोच्या केल्व्हिन हॉलमध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. त्यात 'सेंट किल्डा : ब्रिटन्स लोनलिएस्ट आयल' नावाचा एक छोटा मूकपट जपून ठेवलेला आहे. चित्रण १९२३ मधलं, प्रेक्षकांपुढे आला तो १९२८ मध्ये. 'हेब्रिडीज' नावाची आगबोट ग्लासगोहून निघते, वाटेतली बेटं मागे टाकत अटलांटिकमध्ये शिरते आणि शेवटी एका उंच, झाडाचं नाव नसलेल्या बेटापाशी नांगर टाकते. मग दगडी घरांची एक रांग दिसते, शाली पांघरलेल्या बायका दिसतात, कड्यावर दोराने वावरणारे पुरुष दिसतात, आणि प्रवाशांकडून खाऊ घेणारी मुलं. बायकांना कॅमेरा रुचलेला नाही हे न सांगताच कळतं. प्रदर्शनानंतर दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३० रोजी, बेटावर उरलेले ३६ रहिवासी कायमचे निघून गेले. हा शेवट आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे आज कोणीही ही फीत पाहायला बसतो तो श्रद्धांजलीच्या सभेला बसावं तसा. जगापासून तुटलेली एक साधीभोळी वस्ती, तिला नव्या काळाचा वारा लागला आणि ती कोमेजली, अशी ही कथा. पुस्तकांनी, पर्यटनाच्या पत्रकांनी आणि चित्रपटांनी ती इतक्यांदा सांगितली आहे की स्कॉटलंडचा इतिहास फारसा माहीत नसलेल्यांनाही सेंट किल्डा हे नाव एकाकीपणाचं दुसरं नाव वाटतं. अडचण एवढीच आहे की दप्तरांतले कागद या कथेला साथ देत नाहीत. नोंदवह्या, आयोगांपुढच्या साक्षी, अर्ज आणि पत्रव्यवहार वाचले तर दिसतात ते जगाशी देवघेव करणारे, जमीनदाराशी घासाघीस करणारे आणि अखेरचा निर्णयही डोकं शाबूत ठेवून घेणारे लोक.

आधी भूगोल. सेंट किल्डा हा छोट्या बेटांचा पुंजका आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांची माळ आहे, तिच्याही पश्चिमेला सुमारे ६० किलोमीटरवर. वस्ती होती ती हिर्टा या त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटावर. भाषा गेलिक. शेती जेमतेम, मेंढ्या बऱ्यापैकी, आणि मासेमारीपेक्षा भरवसा समुद्रपक्ष्यांवर. गॅनेट, पफिन आणि फुलमार या पक्ष्यांचं मांस वाऱ्यावर सुकवून वर्षभर पुरवायचं, अंडी गोळा करायची, पिसं आणि फुलमारच्या पोटातलं तेल जमीनदाराला खंडापोटी द्यायचं. हे सगळं साठवायला दगड रचून बांधलेल्या, वरून गवताची टोपी घातलेल्या हजाराहून अधिक कोठ्या बेटावर आजही उभ्या आहेत. जमीनदार म्हणजे स्काय बेटावरच्या डनव्हेगनचे मॅक्लाउड. त्यांचा कारभारी वर्षातून एकदा-दोनदा येऊन वसुली करी. १६९७ मध्ये मार्टिन मार्टिन हा लेखक इथे आला तेव्हा त्याने १८० माणसांची नोंद केली. १७२७ मध्ये देवी आल्या आणि गाव जवळजवळ बसलं. त्या ऑगस्टमध्ये पक्षी धरायला तीन पुरुष आणि आठ मुलगे शेजारच्या एका सुळक्यावर उतरले होते. त्यांना परत आणायला वल्ही मारणारे हातच गावात उरले नाहीत, म्हणून ते नऊ महिने तिथेच अडकले, आणि म्हणूनच वाचले. मग बाहेरून माणसं आणून बेट पुन्हा वसवलं गेलं. म्हणजे १९२३ च्या फितीत दिसणारे लोक अनादि काळापासून तिथे रुजलेल्या अस्पर्श वंशाचे होते, हा समज इथेच ढिला पडतो. त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज जमीनदाराने दोनशे वर्षांपूर्वी आणून वसवलेली कुळं होती.

आता मूकपट कोणासाठी काढला होता ते पाहू. तो आगबोटीच्या सफरीभोवती रचलेला आहे, आणि सफरीचं तिकीट विकलं जावं हा त्यामागचा उघड हेतू. सेंट किल्डाला हौशी प्रवाशांच्या आगबोटी १८३० च्या दशकापासूनच अधूनमधून जात होत्या. १८७७ पासून 'डनारा कॅसल' ही बोट उन्हाळ्यात नेमाने जाऊ लागली. त्यामुळे १९२३ मध्ये कॅमेरा बेटावर उतरला तेव्हा परके लोक बघायला येतात ही गोष्ट तिथल्या म्हाताऱ्यांनाही लहानपणापासून परिचयाची होती. आलेल्या पाहुण्यांना हाताने विणलेलं लोकरी कापड, मोजे, पक्ष्यांची अंडी विकायची. कड्यावर उतरून दाखवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा उन्हाळ्यातला सरळ धंदा होता. सरावलेला कलाकार प्रयोग करतो तसा तो कड्यावरचा खेळ फितीत आला आहे. फुलमार धरणं खोटं नव्हतं, ते त्यांचं खरंच अन्न होतं. पण त्या दिवशी, त्या प्रकाशात, त्या बाजूने दोर सोडला गेला तो कॅमेऱ्यासाठी. प्रवाशांना जे आदिम वाटत होतं त्यातला बराचसा भाग ही बाजारातली मागणी आणि तिचा पुरवठा होता. जो माणूस पाहुण्याला हवं ते दाखवून वर त्याचं मोल घेतो, त्याला भोळा म्हणणं म्हणजे आपणच फसणं.

एकाकीपणाची गोष्ट आणखी तपासायची तर १८७७ च्या जानेवारीत जावं लागतं. जॉन सँड्स नावाचा स्कॉटिश पत्रकार त्या हिवाळ्यात बेटावर अडकून पडला होता. त्यातच एक ऑस्ट्रियन जहाज फुटलं आणि त्याचे खलाशी गावाच्या आश्रयाला आले. गावाचं धान्य मोजकं, खाणारी तोंडं वाढलेली. सँड्सने जहाजाच्या जीवरक्षक कड्याला बाटलीतून चिठ्ठी बांधून ती समुद्रात सोडली. नऊ दिवसांनी ती ऑर्कनीच्या बेटांत बर्सीपाशी सापडली आणि फेब्रुवारीत 'जॅकल' ही नौदलाची बोट त्यांना न्यायला आली. पुढे लाकडाच्या छोट्या होडीत पत्र भरून ती मेंढीच्या कातड्याच्या फुग्याला बांधून सोडायची पद्धत पडली, आणि तिला 'सेंट किल्डाची टपालबोट' असं नाव मिळालं. पर्यटक ती मोठ्या कौतुकाने पाहत. पण १८८५ च्या वादळात पीक गेल्यावर अशाच होड्यांतून धान्याची मागणी मुख्य भूमीवर पोचली होती, आणि तिची दखल घेऊन सरकारने अधिकारी धाडून अहवाल करवला होता. म्हणजे प्रवाशांच्या लेखी जे खेळणं होतं, ते बेटवासीयांच्या लेखी सरकार-दरबारी तक्रार नोंदवण्याचं साधन होतं. कशाला कधी वापरायचं याचं त्यांना पुरतं भान होतं.

याहून भक्कम पुरावा म्हणजे नेपियर आयोग. हायलँड्स आणि बेटांवरच्या कुळांची गाऱ्हाणी ऐकायला नेमलेला हा सरकारी आयोग १८८३ च्या जूनमध्ये सेंट किल्डालाही गेला आणि तिथल्या लोकांच्या साक्षी त्याने नोंदवल्या. पुढच्या वर्षी त्या छापून निघाल्या. त्यांत निसर्गाच्या कुशीतलं सुखी जीवन वगैरे काही सापडत नाही. धड धक्का नाही, म्हणून बोट लावता येत नाही. माल विकायचा तो कारभाऱ्यालाच आणि घ्यायचा तोही त्याच्याचकडून. अशा रोकड्या कटकटींबद्दल तिथे बोलणं झालं. याच सुमारास मुख्य भूमीवरची कुळं जमिनीसाठी उठत होती. सेंट किल्डाचे लोक त्या चळवळीच्या आघाडीवर नव्हते, पण तिच्या परिघाबाहेरही नव्हते. गावातले सगळे प्रौढ पुरुष रोज सकाळी रस्त्यावर जमून दिवसाचं काम ठरवत. त्या बैठकीचं छायाचित्र ॲबर्डीनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या छायाचित्रण कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला विकायला काढलं, आणि 'सेंट किल्डाची पार्लमेंट' या मथळ्याने ते खपलं. मथळ्यात थट्टा आहे. पण घोंगडीच्या टोप्या घातलेल्या त्या दाढीवाल्यांकडे छायाचित्रात पाहून कोणाला वाटणार नाही की याच लोकांनी सरकारी आयोगापुढे आपले मुद्दे मांडले होते.

सर्वांत धक्कादायक गोष्ट मात्र सापडते ती जन्ममृत्यूच्या नोंदींत. स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी १८५५ पासून सुरू झाली. त्या नोंदींवरून दिसतं की सेंट किल्डात जन्मलेल्या बाळांपैकी अर्ध्याहून अधिक बाळं पहिल्या पंधरवड्यात दगावत होती. गावात त्याला आठ दिवसांचा आजार म्हणत. बाळ तीन-चार दिवस नीट दूध पिई, मग जबडा आवळला जाई, आणि आठवड्याभरात सगळं आटपे. हा नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ कापताना, बांधताना किंवा तिला काही लावताना जंतुसंसर्ग होत असे. नक्की कशातून, यावर नंतर बराच वाद झाला. जुन्या पक्ष्याच्या पोतडीत साठवलेलं फुलमारचं तेल नाळेला चोपडत म्हणून, असं पुष्कळ दिवस सांगितलं गेलं, तर काहींनी खत घातलेल्या मातीकडे बोट दाखवलं. बाहेरून आलेल्यांनी याला दैववाद म्हटलं : देवाने दिलं, देवाने नेलं असं मानून हे लोक स्वस्थ बसतात, असं. अँगस फिडीस हा पाळक १८८९ मध्ये बेटावर आला. त्याने ग्लासगोला जाऊन जंतुनाशक पद्धतीने बाळंतपण कसं करायचं ते शिकून घेतलं, परत येऊन ते अमलात आणलं, आणि काही वर्षांतच हा आजार बेटावरून नाहीसा झाला. गावाच्या संशयाला त्याला तोंड द्यावं लागलं, पण गाव शेवटी बदललं हे विसरता येत नाही. आता पुन्हा फितीकडे वळा. ऑलिव्हर पाइक या पक्षी-छायाचित्रकाराने १९०८ मध्ये इथे पहिली फीत टिपली, नंतर आली ती सुरुवातीला सांगितलेली १९२३ ची. दोन्हींतली मुलं आपण 'नव्या काळाचा वारा न लागलेली' म्हणून पाहतो. खरं तर ती फिडीसनंतरची पिढी आहे. जंतुशास्त्र बेटावर पोचलं नसतं तर त्यांतली कित्येक पडद्यावर दिसायलाच उरली नसती. नव्या काळाने बेटाला मारलं, असं म्हणणाऱ्यांच्या समोर नव्या काळाने वाचवलेली मुलं खाऊ खात उभी आहेत. हे फीत पाहून कळणार नाही, आणि नुसती नोंदवही वाचून त्या मुलांचे चेहरे दिसणार नाहीत.

विसावं शतक लागल्यावर तर तुटलेपणाची गोष्ट आणखीच फोल ठरते. १९०० मध्ये टपाल कचेरी आली. १९१२ मध्ये अन्नटंचाई झाली तेव्हा 'डेली मिरर' या लंडनच्या वृत्तपत्राने मदत पाठवण्यात पुढाकार घेतला, आणि त्याच वृत्तपत्राच्या खर्चाने १९१३ मध्ये बिनतारी संदेशयंत्र बसलं. वृत्तपत्राला बातमी मिळाली, बेटाला तार. पहिल्या महायुद्धात नौदलाची तुकडी तिथे राहिली. रोख मजुरी, नियमित पुरवठा आणि बातम्या बेटावर यायला लागल्या. १५ मे १९१८ रोजी एका जर्मन पाणबुडीने ते संदेशकेंद्र उडवायला ७२ तोफगोळे डागले. माणूस एकही मेला नाही. चर्चशेजारच्या इमारतींची आणि धक्क्यावरच्या कोठाराची मोडतोड झाली. ब्रिटनमधल्या सर्वांत एकाकी म्हणवल्या जाणाऱ्या बेटावर शत्रूची तोफ चालली, कारण ते युद्धाच्या संदेशजाळ्याचा एक धागा होतं. त्यानंतर तिथे बसवलेली तोफ आजही गावाच्या टोकाला आहे. ती शत्रूवर कधीच चालली नाही. युद्ध संपलं, नौदल गेलं, पगार थांबला, आणि जग पाहिलेले तरुण एकेक करून ग्लासगोकडे निघाले. पिसांना आणि तेलाला बाजार केव्हाच उरला नव्हता. १९२६ मध्ये इन्फ्लुएंझाने चार माणसं नेली. म्हाताऱ्यांची, विधवांची आणि मुलांची संख्या तीच, नांगर धरणारे आणि होडी वल्हवणारे हात मात्र घटत गेले. अशा गावाचं गणित केव्हातरी बिघडतंच.

ते बिघडलेलं गणित १० मे १९३० च्या अर्जात लिहिलेलं आहे. स्कॉटलंडच्या सचिवांना उद्देशून केलेला हा विनंतीअर्ज एक पान भरेल एवढाच. त्यात दुःखाचा सूर नाही. लोकसंख्या ३६ वर आली आहे. काही पुरुषांनी याच वर्षी नोकरीसाठी मुख्य भूमीवर जायचं ठरवलं आहे. ते गेले तर मेंढ्या सांभाळणं, कापड विणणं आणि विधवांचा सांभाळ करणं बाकीच्यांना झेपणार नाही. तेव्हा सरकारने आम्हाला यंदाच बाहेर पडायला मदत करावी आणि घरं व काम द्यावं, असा त्याचा आशय. शक्यतो सगळ्यांना एकाच ठिकाणी ठेवा असा हट्टही त्यांनी धरला नाही. प्रचलित कथेत बेट सोडण्याचं कारण म्हणून एक तरुण स्त्री येते : मेरी गिलीज, जानेवारी १९३० मध्ये आजारी पडली, खवळलेल्या समुद्रामुळे तिला न्यायला उशीर झाला, आणि ॲपेंडिक्सच्या दुखण्याने ती ग्लासगोत गेली. ही गोष्ट साठ वर्षं खपली. १९९१ मध्ये तिच्या मुलाला कळलं ते वेगळंच : ती गरोदर होती, ग्लासगोच्या इस्पितळात तिला मुलगी झाली, आणि मग आई आणि बाळ दोघंही गेली. ॲपेंडिक्सचा त्यात संबंध नव्हता. एका कुटुंबाच्या आयुष्यातली ही गोष्ट, पण कागद न तपासता ती एका समाजाच्या अंताचं 'कारण' म्हणून पाठ्यपुस्तकी थाटात सांगितली गेली. चित्रपटाला कळस लागतो, तसा इतिहासालाही कळस हवा असतो. तो मिळाला की पुढे कोणी विचारत नाही.

इथे एक रास्त शंका निघते. कागदांवर तरी इतका विश्वास का? ते कोणी लिहिले? पाळकांनी, कारभाऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी, परिचारिकेने. अगदी तो विनंतीअर्जसुद्धा ड्युगाल्ड मनरो या मिशनऱ्याच्या मदतीने तयार झाला, आणि गावाचं मन वळवण्यात विल्यमिना बार्कली या परिचारिकेचा मोठा वाटा होता. मग तो बेटवासीयांचा निर्णय कसा? शंका खरी आहे, आणि तिच्यामुळे माझा मुद्दा थोडा मवाळ करावा लागतो. कागदही बाहेरच्यांचेच आहेत. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे बेट सोडण्याचा विचार १९३० मध्ये बाहेरच्यांनी डोक्यात घातला असं म्हणता येत नाही. १८५२ मध्येच ३६ माणसं 'प्रिसिला' या जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाली होती. त्यांतली बरीचशी गोवराने वाटेतच किंवा पोचल्यावर दगावली. तरी पुढच्या प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी बाहेर पडतच राहिलं. दुसरी गोष्ट अशी की कागद अनेक हातांचे आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. पाळक एक सांगतो, सँड्ससारखा पत्रकार त्याच्यावर आणि जमीनदारावर टीका करतो, आयोगापुढे कूळ तिसरंच बोलतं, नोंदवही कोणाचीच बाजू घेत नाही. ताडून पाहायला जागा मिळते ती या भांडणामुळे. फितीत मात्र एकच डोळा असतो, आणि मूकपटात तर बेटावरचा माणूस काय बोलला तेही पुसलं जातं. त्याच्या जागी इंग्रजी पाटी येते. व्हर्नर किसलिंग या जर्मन माणसाने १९३४ मध्ये एरिस्के बेटावर टिपलेल्या चित्रपटात गेलिक ऐकू येते, त्याचं अप्रूप याचमुळे. पुढे एडिनबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने सेंट किल्डाहून आलेल्यांच्या गेलिक आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, आणि इतक्या वर्षांनी का होईना, त्यांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत दप्तरात आलं.

याचा अर्थ जुन्या फिती निरुपयोगी आहेत असा कोणी घेऊ नये. हेतू जाहिरातीचा असो वा कौतुकाचा, कॅमेरा हेतूबाहेरचंही पुष्कळ टिपतो. कोणाच्या पायात दुकानातले बूट आहेत, घरांना पत्र्याचं छप्पर आहे की गवताचं, बायका ओझं कसं बांधतात, पाहुण्यांपासून किती अंतर ठेवून उभ्या राहतात, हे एकाही अहवालात सापडणार नाही. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला जमीनदाराने बांधून दिलेली चिमणीवाली घरं आणि मागे गोठा-कोठ्या झालेली जुनी काळी घरं शेजारी शेजारी उभी होती. ते दृश्य एकदा पाहिलं की 'बदल न झालेलं गाव' हे शब्द ओठावर येत नाहीत. गडबड होते ती कथेच्या चित्रपटांनी. मायकेल पॉवेलला सेंट किल्डावर चित्रपट काढायचा होता, पण बेटाचे नवे मालक लॉर्ड डम्फ्रीज यांनी परवानगी दिली नाही; म्हणून तो शेटलंडच्या फूला बेटावर चित्रित झाला आणि १९३७ मध्ये 'द एज ऑफ द वर्ल्ड' या नावाने आला. सेंट किल्डाची जगाच्या टोकावरची प्रतिमा ज्या चित्रपटाने पक्की केली, त्यात सेंट किल्डाचा एक दगडसुद्धा नाही. असंच 'व्हिस्की गॅलोर' या १९४९ च्या विनोदी चित्रपटाचं. १९४१ मध्ये 'पॉलिटिशियन' हे व्हिस्कीने भरलेलं जहाज एरिस्केजवळ खडकात अडकलं आणि गावकऱ्यांनी बाटल्या पळवल्या, ही खरी घटना. तिच्यावर सारं जग हसलं. न्यायालयाचे कागद मात्र सांगतात की काही बेटकऱ्यांना तुरुंगवास झाला. आणि त्याच जहाजात जमैकाच्या चलनी नोटांचा मोठा साठा होता, त्याने सरकारची झोप उडवली होती, हे चित्रपट पाहून कोणाला ठाऊक झालं नाही.

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. एवढ्या आगबोटी, तारा आणि आयोग असले, तरी सप्टेंबरपासून मेपर्यंत बेट खरंच तुटलेलं असे. मेरी गिलीजला न्यायला वेळ लागला तो समुद्रामुळेच. मग एकाकीपणाची कथा खोटी कशी? ती खोटी नाही, अपुरी आहे. टॉम स्टील यांच्या १९६५ च्या गाजलेल्या पुस्तकात दोष मोठ्या प्रमाणात बाहेरच्या जगावर, पर्यटकांवर आणि कर्मठ पाळकांवर टाकलेला आहे. अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञांनी २००५ मध्ये उलट बाजू मांडली : बेट नेहमीच हेब्रिडीजच्या व्यवहारात गुंतलेलं होतं, आणि त्याची चिवटता त्या गुंतण्यातच होती. मला दुसरी बाजू पटते, एका दुरुस्तीसह. बेट तुटलेलं असणं हा भूगोल होता, पण तुटलेपणाचं भांडवल करणं हे एका व्यापाराचं काम होतं, आणि ते भांडवल शेवटी बेटाच्याच अंगावर आलं. ज्यांना आपण अवशेष म्हणून पाहिलं, त्यांच्यासाठी धक्का, डॉक्टर, नियमित बोट असल्या रुक्ष गोष्टी मागायला कोणाला सुचत नाही. धक्का झाला तो साक्षींनंतर जवळपास वीस वर्षांनी, तोही तोकडा. हेच बेट १९५७ नंतर लष्कराला क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणाऱ्या रडारसाठी लागलं, तेव्हा तिथे वीज, रस्ता आणि वर्षभर माणसं ठेवण्याची सोय झाली. जे गावासाठी अशक्य ठरलं होतं ते क्षेपणास्त्रांसाठी जमलं. भूगोलाला सगळा दोष देणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं व्हावं.

२९ ऑगस्टच्या सकाळी काय घडलं ते सगळ्यांच्या तोंडपाठ आहे : प्रत्येक घरात उघडं बायबल आणि मूठभर ओट ठेवले, कुत्रे बुडवले, दारं लावली, आणि 'हेअरबेल' या नौदलाच्या जहाजावर सगळे चढले. गंमत अशी की या दृश्याचं चित्रण जवळजवळ नाहीच. लोकांच्या दुःखाचा तमाशा नको म्हणून सरकारने वृत्तपत्रं आणि कॅमेरे लांब ठेवले. त्या कामाची देखरेख करणारे उपसचिव टॉम जॉन्स्टन यांचा तसा आग्रहच होता. ज्याला आपण फितीत पाहिल्यासारखं आठवतो, ते सगळं लिहिलेल्या मजकुरावरून मनात तयार झालं आहे. दप्तर मात्र त्या सकाळी थांबत नाही. मेंढ्या आधीच बाहेर काढल्या होत्या. त्या विकून आलेला पैसा स्थलांतराच्या खर्चात गेला. जहाज मॉर्व्हर्नमधल्या लॉकअलाइनला पोचलं. झाड नसलेल्या बेटावर वाढलेल्या पुरुषांना वनखात्यात काम मिळालं, रोजंदारी ठरली, घरं विखुरलेली निघाली, आणि तक्रारी सुरू झाल्या. १९३१ च्या उन्हाळ्यात नव्या मालकाबरोबर काही जण पुन्हा बेटावर गेले, पुढेही काही उन्हाळे जात राहिले. पाहुण्यांना कापड विकलं, घरांची डागडुजी केली. तिथे जन्मलेल्या शेवटच्या रहिवासी रेचल जॉन्सन २०१६ मध्ये ९३ व्या वर्षी वारल्या. बेट सोडलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, आणि त्यांचं उरलेलं सगळं आयुष्य मुख्य भूमीवर गेलं.